निवडणें-टिपणें

माघ उतरूं लागला म्हणजे आमच्या ओट्यावर तुरीचीं पोतीं येऊन पडतात. विकावयाचा माल तोंवर हिंगोलीच्या मोंढ्यांत गेलेला असतो. हीं पोतीं घरच्या वर्षाच्या डाळीपुरतीं मागें ठेवलेलीं. दुपारचीं कामें आटोपलीं कीं आमची सौभाग्यवती सूप घेऊन बसते, आणि खडे, काडी-कचरा, किडके दाणे, पिचके दाणे असे निरनिराळे ढीग तिच्यासमोर वाढूं लागतात. मीहि तिच्याच शेजारीं, खांबाला पाठ टेकून, मांडीवर संगणक घेऊन बसलेला असतों. परवां तिनें सहज विचारलें,

“अहो, तुम्ही दोन वर्षें हें काय निवडीत बसलां आहां?”

“तक्रारी,” मीं म्हटलें.

“म्हणजे नुसते खडेच कीं!”

“खडे पुष्कळ आहेत. पण मधून मधून दाणे निघतात, म्हणून तर बसायचें.”

तिला तें पटलेलें दिसलें नाहीं. माझ्या मनांत मात्र तिचा शब्द राहून गेला. ज्या कामाला इंग्रजींत ‘ट्रिआज’ म्हणतात त्याला मराठींत काय म्हणावें, ह्याचा मी बरेच दिवस शोध करीत होतों. छाननी, वर्गवारी, प्राथमिक तपासणी असे शब्द सुचत. पण त्या सर्वांना कचेरीचा वास येई. वास्तविक मूळ फ्रेंच धातूचा अर्थ निवडणें एवढाच आहे. लोंकर किंवा कॉफीचे दाणे प्रतीप्रमाणें वेगळे करण्याला हा शब्द लावीत. नेपोलियनच्या फौजेंतील शस्त्रवैद्य दोमिनिक लारे ह्यानें जखमी शिपायाचा हुद्दा न पाहतां जखम किती गंभीर आहे हें पाहून उपचार करण्याची शिस्त घातली. पुढें पहिल्या महायुद्धांत असल्या कामाला तो शब्द रूढ झाला, आणि तेथून संगणकवाल्यांनीं तो उचलला. म्हणजे आमच्या ओट्यावर चाललेल्या दोन्ही कामांचें नांव एकच निघालें!

ज्यांना हा विषय अगदींच नवा आहे त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. ज्या आज्ञावलींची मूळ संहिता सर्वांस वाचावयास, दुरुस्त करावयास आणि वांटावयास मोकळी ठेवलेली असते, त्यांना ‘ओपन सोर्स’ म्हणतात. १९९१ सालीं हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नांवाच्या विद्यार्थ्यानें हौसेचें काम म्हणून लिनक्स जगापुढें ठेवलें. आज आपल्या खिशांतील अँड्रॉइड फोन त्याच पायावर उभा आहे. मी हा मजकूर लिहितों आहें तो लिब्रे ऑफिसमध्यें, आणि अक्षरें आहेत मुंबईच्या ‘एक टाइप’ मंडळींनीं सर्वांस मोकळ्या करून दिलेल्या ‘मुक्ता’ वळणाचीं. ह्यांपैकीं कशासाठींहि माझ्याकडे कोणीं पैसा मागितलेला नाहीं.

परंतु फुकट मिळालेल्या वस्तूचीहि निगा कोणाला तरी राखावी लागते. अशा बहुतेक प्रकल्पांची एक उघडी तक्रारवही असते. कोणीहि यावें आणि तींत लिहावें. आणि लोक लिहितात! एक लिहितो, ‘चालत नाहीं.’ काय चालत नाहीं, कोठें, केव्हां, तें देवाला ठाऊक. दुसरा जी तक्रार नव्या उत्साहानें मांडतो ती त्याच्या आधीं दहा जणांनीं मांडलेली असते. तिसऱ्याला दोष सांगावयाचा नसून एखादी नवी सोय मागावयाची असते. चौथ्याच्या छपाईयंत्राची तार निसटलेली असते. आणि ह्या सर्वांच्या तळाशीं एखादी तक्रार अशी दबून राहिलेली असते, कीं जिच्यामुळें कोणाचें तरी दिवसभर लिहिलेलें रोज पुसलें जात आहे. दुरुस्ती जाणणारे कारागीर मोजके, आणि त्यांतले पुष्कळसे आपली नोकरी सांभाळून रात्रीं बसणारे. त्यांनीं दुरुस्ती करावी कीं ढिगारा उपसावा?

निवडणारा पाहिजे तो येथें. त्याला संगणकाची भाषा यावी लागत नाहीं. मला ती आजहि येत नाहीं. नवी तक्रार उघडावी, शांतपणें वाचावी, पूर्वीं कोणीं केली आहे काय तें पाहावें, आणि मग तक्रारदारानें सांगितलेल्या पायऱ्यांनीं जाऊन तो दोष आपल्या यंत्रावर घडतो काय हें पाहावें. घडला तर तसें लिहावें. न घडला तर कोणती माहिती कमी पडते ती गोडीनें विचारावी. लिब्रे ऑफिसच्या वहींत नवी तक्रार ‘अनिश्चित’ असा शिक्का घेऊन येते, आणि दुसऱ्या कोणीं ती घडवून पाहिल्यावर तो शिक्का निघतो. डेबियन नांवाच्या प्रकल्पांत तर दोषाच्या तीव्रतेच्या सात पायऱ्या ठरलेल्या आहेत. सर्वांत वरच्या पायरीवर सबंध यंत्रणा बंद पाडणारे किंवा लोकांचें साठविलेलें नष्ट करणारे दोष. सर्वांत खालच्या पायरीवर दोष नव्हेतच, नुसत्या इच्छा.

दुसऱ्या एका प्रकल्पाच्या वहींत माझें स्वतःचें पदार्पण झालें तें ह्या ‘इच्छे’च्या पायरीवर.

मी जुन्या वळणाचा मास्तर. सेनगांव परभणी जिल्ह्यांत होतें तेव्हांपासून शिकवीत होतों. १९९९ सालीं हिंगोली जिल्हा झाला तेव्हां शाळेच्या पाटीवरचें जिल्ह्याचें नांव बदललें, माझें अक्षर बदललें नाहीं. वडिलांनीं घटवून घेतलेले अनुस्वार १९६२ सालच्या नियमांनीं गेले. शाळेंत मुलांना मीं नवे नियमच शिकविले. परंतु घरीं स्वतःचें म्हणून कांहीं लिहावयास बसलों कीं ते अनुस्वार आपोआप उतरतात, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. निवृत्तीनंतर पुण्याच्या मुलानें संगणक आणून दिला. पहिलें पान लिहिलें, तों जवळजवळ प्रत्येक ओळींत शब्दांखालीं तांबड्या नागमोडी रेघा! आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांत तांबड्या रेघा ओढणाराला ही शिक्षा मोठी मार्मिक होती. मीं रागारागानें, मोडक्या इंग्रजींत, एका टोपणनांवानें तक्रार ठोकून दिली कीं तुमच्या यंत्राला मराठी येत नाहीं.

दोन दिवसांनीं उत्तर आलें. कोणती आवृत्ति, कोणता शब्दसंग्रह, उदाहरणादाखल कोणते शब्द, अशी विचारपूस होती. मीं चार शब्द कळविले. मग त्या अनोळखी मनुष्यानें लिहिलें कीं शब्दसंग्रह सध्यांच्या नियमांना धरून आहे, तेव्हां हा दोष म्हणतां येत नाहीं. परंतु जुन्या लेखनाची सोय असावी ही आपली इच्छा म्हणून नोंदून ठेवितों. शेवटीं आभार. माझा राग गेला असें नाहीं. पण पृथ्वीच्या कोणत्या तरी कोपऱ्यांत बसून कोणीं तरी माझे अनुस्वार मन लावून पाहिले होते, आणि त्यांची जागा ठरविली होती, ही गोष्ट मनाला लागून राहिली. त्यानंतर मी त्या वहींत डोकावूं लागलों. मराठीविषयींच्या तक्रारी तेथें बऱ्याच होत्या, आणि त्या घडवून पाहणारें कोणी नव्हतें. म्हणून मीं हात घातला.

आतां माझी एक चूक सांगतों. ती सांगावी कीं नाहीं ह्याचा मीं पुष्कळ विचार केला. परंतु ती वगळली तर ह्या लेखाला अर्थ उरणार नाहीं.

मराठींत अर्धा र दोन तऱ्हांनीं लिहितात. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतल्या, हा भेद चौथींतलें पोरहि जाणतें. संगणकावर हा आडवा र उमटविण्याच्या मात्र दोन वाटा आहेत. एक म्हणजे खालीं टिंब असलेलें ‘ऱ’ हें अक्षर वापरावयाचें. दुसरी म्हणजे साध्या र चा पाय मोडून त्यापुढें एक न दिसणारें जोडचिन्ह घालावयाचें. कागदावर दोहोंचें रूप एकच. मी पहिल्या वाटेनें जाणारा. दुसरी वाट आहे हें मला त्या वेळीं ठाऊकहि नव्हतें.

एका गृहस्थानें वहींत सरळ मराठींतच तक्रार लिहिली होती. त्याला आपल्या गुऱ्हाळाचें पावतीपुस्तक छापावयाचें होतें. मजकूर लिहितांना नीट दिसे. साठवून पुन्हां उघडला कीं ‘गुऱ्हाळ’ चें ‘गुर्हाळ’ होई. तीन वेळां करून पाहिलें, तिन्ही वेळां कागद फुकट गेला, असें त्यानें लिहिलें होतें. मीं माझ्या पद्धतीनें तो शब्द लिहिला, साठविला, उघडला. शब्द जसाच्या तसा! शिवाय आडव्या र विषयींची एक जुनी, मिटलेली तक्रार माझ्या पाहण्यांत होती. मीं खालीं लिहिलें, ‘दुबार. माझ्याकडे नीट दिसतें.’ आणि तक्रार बंद केली. त्या दुपारीं मीं एकंदर अकरा तक्रारी निकालांत काढल्या होत्या, आणि रात्रीं जेवतांना तो आंकडा घरांत दोनदां सांगितला होता.

चार-पांच महिन्यांनीं एका नेपाळी भाषकाची तक्रार आली. नेपाळींतहि हा आडवा र आहे. ‘गऱ्यो’ सारख्या अगदीं रोजच्या क्रियापदांत तो येतो. त्या मनुष्यानें एकेक पायरी मांडून दाखविलें होतें कीं पान साठवितांना तें न दिसणारें जोडचिन्हच गळून पडतें, आणि आडवा र उठून डोक्यावर जाऊन बसतो. वाचतां वाचतां मला गुऱ्हाळ आठवलें. त्या गृहस्थाची तक्रार दुबार नव्हती. तीच पहिली होती. मीं फक्त माझ्या वाटेवर खड्डा नाहीं एवढें पाहिलें होतें, आणि तो कोणत्या वाटेनें आला हें विचारलें नव्हतें. मीं ती बंद तक्रार पुन्हां उघडली, चूक कबूल केली, आणि त्याला क्षमा मागणाऱ्या चार ओळी लिहिल्या. पुढें दोष दुरुस्त झाला. त्याचें उत्तर मात्र आलें नाहीं. कां यावें? ज्यानें चार शब्दांत दार लावून घेतलें त्याच्याकडे दुसऱ्यांदा कोण जातो?

मला अधिक रुखरुख वाटते ती वेगळ्याच कारणानें. तोच प्रयोग तीनदां करून पाहणारा, आणि प्रत्येक वेळीं काय झालें तें नीट लिहून ठेवणारा मनुष्य! नवा निवडणारा म्हणून ह्याहून चांगला गडी मला कोठें मिळणार होता? तो आपल्या पायांनीं चालत दारापर्यंत आला होता. ‘आपण शब्द कसा लिहितां?’ एवढें जरी मीं विचारलें असतें, तरी कदाचित् आज आम्ही दोघे असतों.

एका मनुष्याचा हिरमोड झाला, एवढ्यानें जगाचें काय बिघडलें, असें कोणी म्हणेल. त्यानें २०२४ सालीं घडलेली गोष्ट आठवावी. मजकूर आवळून लहान करणारी ‘एक्सझेड’ नांवाची एक साधीशी आज्ञावली आहे. लिनक्सच्या बहुतेक संचांतून ती बरोबर येते. लासे कोलिन नांवाचा एक मनुष्य ती वर्षानुवर्षें जवळजवळ एकटा सांभाळीत होता. आपलें मन थकलेलें आहे, हें काम बिनमोबदल्याचें, हौसेचें आहे, असें त्यानें २०२२ सालीं उघडपणें लिहिलें होतें. तरीहि कांहीं अनोळखी नांवें त्याला टोंचीत राहिलीं कीं सुधारणा लौकर कां येत नाहींत, कारभार दुसऱ्याकडे कां देत नाहीं. त्याच सुमारास ‘जिया टॅन’ असें नांव धारण करणारा एक मदतनीस पुढें आला. त्यानें दोन-अडीच वर्षें मोठ्या नम्रपणें काम केलें, विश्वास मिळविला, किल्ल्या मिळविल्या, आणि मग त्या आज्ञावलींत एक चोरदार बसवून दिलें. आंद्रेस फ्रॉइंड नांवाच्या एका अभियंत्याला आपल्या यंत्रांत प्रवेश करतांना सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें आढळलें; तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागें लागला, आणि २९ मार्च २०२४ रोजीं ही कारवाई त्यानें चव्हाट्यावर आणली. तें चोरदार तसेंच राहतें तर जगांतील असंख्य यंत्रांचीं कुलपें निकामी झालीं असतीं. ‘जिया टॅन’ ह्या नांवामागें कोण होतें हें अद्याप उघड झालेलें नाहीं.

ह्या हकीकतीवरून नवख्यावर विश्वास टाकूं नये असा धडा पुष्कळ जण काढतात. मला तो पटत नाहीं. त्या थकलेल्या मनुष्याभोंवतीं पांच-सात साधीं माणसें तक्रारी निवडीत बसलेलीं असतीं, टोंचून बोलणारांना दोन शांत शब्द सुनावीत असतीं, तर एका अनोळखी मदतनिसाखेरीज दुसरा आधारच नाहीं अशी पाळी त्याच्यावर आली नसती असें मला वाटतें. आणि निवडणाराच्या हातीं किल्ल्या द्याव्या लागतच नाहींत. त्याला मूळ संहितेच्या एका अक्षरालाहि हात लावतां येत नाहीं. नव्या मनुष्याला घरांत घ्यावयाचें असेल तर ओटा हीच त्याला बसविण्याची जागा. तेथें त्याला घर दिसतें आणि घराला तो दिसतो.

म्हणून दोन दिवाळ्यांमागें मीं माणसें जमविण्याचा उद्योग आरंभिला. शिकलेल्या मनुष्याला प्रथम जें सुचतें तेंच मला सुचलें: व्याख्यान. एका महाविद्यालयांत मी तासभर बोललों. १९८३ सालीं रिचर्ड स्टॉलमन ह्यानें केलेल्या घोषणेपासून आरंभ करून मी ज्ञानाच्या स्वातंत्र्यापर्यंत पोंचलों, आणि शेवटीं पडद्यावर ती प्रचंड तक्रारवही दाखविली. टाळ्या पडल्या. शाल-श्रीफळ मिळालें. साठ मुलांनीं नांवें लिहून दिलीं. त्यांतला एकहि वहीपर्यंत आला नाहीं.

घरीं येऊन मी मुलांच्या नांवानें कुरकुरूं लागलों, तेव्हां सौभाग्यवती सुपावरची नजर न काढतां म्हणाली, “पोतें बघून कोणी निवडायला बसतें का? ओंजळभर सुपांत घालून द्यावें, आणि आपण शेजारीं बसावें.”

बसस्थानकाजवळ एक तरुण झेरॉक्सचें दुकान चालवितो. सातबाऱ्याचे उतारे, पीकविम्याचे अर्ज, शाळेचे दाखले, असें दिवसभर त्याच्या हाताखालून जात असतें. एके संध्याकाळीं गिऱ्हाइकें नव्हतीं असें पाहून मीं त्याच्यापुढें एकच तक्रार ठेविली: पीडीएफमधून मराठी मजकूर उचलून दुसरीकडे टाकला कीं काना-मात्रा विस्कटतात. “गुरुजी, मला इंग्रजी येत नाहीं,” तो म्हणाला. इंग्रजीचें मी पाहतों, तूं नुसतें घडतें का तें सांग, असें मीं म्हटलें. तो हंसला. “घडतें का म्हणून काय विचारतां? हें रोजचें आहे. पण सगळ्या फाँटांत होत नाहीं.” आणि कोणत्या अक्षरवळणांत होतें, कोणत्यांत होत नाहीं, कोणत्या जोडाक्षरापाशीं अधिक विस्कटतें, हें त्यानें मला एका दमांत सांगितलें. दोन वर्षें त्याला हें सर्व ठाऊक होतें. कोणीं विचारलें नव्हतें इतकेंच. त्याच्या सांगण्यावरून आम्हीं नमुने जोडले, आणि महिनोन्महिने ‘अनिश्चित’ पडलेली ती तक्रार त्या रात्रीं निश्चित झाली. आतां दुकान बंद करतांना तो एक तक्रार पाहतो. एकच, अधिक मागितल्या तरी मी देत नाहीं.

दुसरी आमची नात. ती हिंगोलीस शिकते आणि शनिवारीं घरीं येते. हुषार आहे, पण चारचौघांत चुकण्याची तिला विलक्षण भीति. ती म्हणे, “आबा, तिथें सगळ्या जगाला दिसणार. कोणी हंसलें म्हणजे?” ही भीति खोटी नाहीं, तुटक उत्तरें देणारे माझ्यासारखे लोक त्या वहींत आहेतच. म्हणून पहिले दोन महिने तिनें नुसतें वाचलें, आणि दुबार तक्रारींच्या जोड्या लावून मला कागदावर दिल्या. कांहीं प्रकल्प नवागतांसाठीं सोप्या कामांवर निराळी चिठ्ठी लावून ठेवतात. चाल चांगली आहे. पण ती चिठ्ठी लावण्यापुरती तक्रार आधीं कोणीं तरी वाचलेली असावी लागते, हें व्यवस्थापक मंडळी विसरतात. पुढें एक दिवस तिनें आपण होऊन एका तक्रारीला उत्तर लिहिलें आणि पाठविण्यापूर्वीं मला दाखविलें. पहिल्याच ओळींत, आपला वेळ फुकट गेला ह्याबद्दल वाईट वाटतें, असें होतें. आणि दुसऱ्या ओळींत, आपण हा शब्द कोणत्या कळफलकावर आणि कसा लिहितां, असा प्रश्न. गुऱ्हाळाची गोष्ट मीं तिला तोंवर सांगितलेली नव्हती. ती त्याच दिवशीं सांगितली.

गेल्या शनिवारीं तिनें जुन्या, कोणीं न विचारलेल्या इच्छांचा ढीग काढला होता. मी ओट्यावर होतों, ती आंत होती. थोड्या वेळानें माझ्या संगणकावर एक पत्र येऊन पडलें. तक्रार माझीच, ती अनुस्वारांची. खालीं तिचें उत्तर: आपली तक्रार बरेच दिवस पडून राहिली ह्याबद्दल क्षमस्व, जुन्या लेखनपद्धतीचा स्वतंत्र शब्दसंग्रह करण्याचा विचार कोणीं केल्यास उपयोगी पडेल अशी शब्दांची यादी आपण देऊं शकाल काय? टोपणनांवामुळें तिनें मला ओळखलें नाहीं, कीं ओळखूनहि रीतसर विचारलें, हें मीं अद्याप तिला विचारलेलें नाहीं.

यादी मी कालपासून करूं लागलों आहें. ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘आतां’, ‘तेव्हां’ करतां करतां एकशें बारा शब्द झाले. सौभाग्यवतीचें दुसरें पोतें संपत आलें आहे.